पंचवीस क्रमांकाची खिडकी

इसवी सन १८९८ मध्ये पत्रांच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या. हिंदुस्थान सरकारने 'इंडियन पोस्ट ऑफिस ॲक्ट' हा कायदा केला आणि त्याच्या चौथ्या कलमाने टपाल वाहून नेण्याचा हक्क एकट्या सरकारकडे राखून ठेवला. त्याच वर्षी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पानिपतच्या काळातील पत्रांचा तो खंड होता. पहिल्या घटनेचा विषय होता पत्र कोणी न्यावे. दुसरीचा विषय होता, पोचलेले पत्र शेवटी कोठे राहते.

हे दोन्ही प्रश्न आज ई-मेलच्या बाबतीत पुन्हा उभे आहेत. या लेखात मला एवढेच दाखवायचे आहे की, १८९८ च्या कायद्याने सामान्य माणसासाठी जी एक बारीक सवलत ठेवली होती, ती आजच्या घरगुती इंटरनेट जोडणीत बहुधा उरलेली नाही; आणि तिच्या जाण्याची किंमत मुख्यतः उद्याच्या इतिहासलेखनाला मोजावी लागणार आहे.

कायद्यातला स्नेही

मराठेशाहीत पत्रे नेणारे जासूद आणि कासिद दरबाराचे असत, सरदारांचे असत आणि सावकारी पेढ्यांचेही असत. ज्याला गरज आणि ऐपत, त्याने आपला माणूस धाडावा, अशी रीत होती. ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ च्या सतराव्या कायद्याने ही रीत मोडली. कंपनीच्या मुलखात मोबदला घेऊन पत्रे नेण्याचा हक्क सरकारचा झाला. पुढे १ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या हिंदुस्थानासाठी तिकिटे आली आणि पाव तोळ्याच्या पत्राला, अंतर कितीही असो, अर्धा आणा असा एकच दर लागू झाला.

एकाधिकाराची बाजू इथे समजून घेतली पाहिजे. मुंबई-पुणे मार्गावरचे पत्र स्वस्तात जाते. डोंगराआडच्या गावी रनर चालत जाऊन देतो ते पत्र महाग पडते. दोघांना एकच दर लावायचा तर सोप्या वाटेची कमाई अवघड वाटेवर खर्च करावी लागते. खासगी माणसाने सोपी वाट उचलली की खात्याच्या हाती अवघड वाटाच उरतात. अर्ध्या आण्याचे पत्र कोकणातल्या वाडीपर्यंत पोचले, त्यात या एकाधिकाराचा वाटा होता. मात्र त्याच कायद्यातल्या सव्विसाव्या कलमाने आणीबाणीच्या प्रसंगी पत्र अडवण्याचा अधिकारही सरकारला दिला होता, हे विसरता येत नाही.

परंतु चौथ्या कलमाने काही अपवाद ठेवले, आणि माझ्या दृष्टीने खरी गोष्ट तीच आहे. वाटेने जाणारा खासगी स्नेही मोबदल्याशिवाय पत्र नेऊ शकत होता. केवळ पाठवणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या कामाचे पत्र मुद्दाम धाडलेल्या माणसाकरवी नेता येत होते. मालाबरोबर त्या मालासंबंधीचे पत्र जाऊ शकत होते. गाडीवान आणि जहाजाचे तांडेल यांना मात्र पाचव्या कलमाने मनाई होती. नियम मोडला तर पत्रामागे ५० रुपयांपर्यंत दंड होता. म्हणजे पत्रे वाहण्याचा धंदा सरकारचा. पण माझे पत्र मी स्वतः तुमच्या दारी आणून दिले, तर त्यात सरकारने पडू नये, एवढे परक्या सरकारलाही मान्य होते.

घरातले दप्तर

आता दुसरी घटना. राजवाडे गावोगाव हिंडले ते खासगी घराण्यांची दप्तरे शोधत. कागद माळ्यावर होते, देवघरात होते, पेटाऱ्यात होते. बऱ्याच घरांत ते वाचता येणारे कोणी उरले नव्हते. त्यांतून साधनांचे २२ खंड झाले. पुण्यात सरकारी ताब्यात असलेल्या पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी केलेली निवड ४५ भागांत छापली गेली ती १९३० ते १९३४ या काळात, म्हणजे राजवाडे वारल्यानंतर. सरकारी दप्तर खुले होईपर्यंत मराठ्यांच्या इतिहासाचा मोठा भाग घरातल्या रुमालांवर उभा राहिला होता.

मी ज्या भागात राहतो, त्या भागाचेच उदाहरण घ्या. मे १७३९ मध्ये वसई पडली. तो वेढा कसा चालला, सुरुंग कसे उडाले, माणसे किती पडली, याचे चिमाजीअप्पांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. स्वामींचा पत्रव्यवहार जपला गेला, पुढे द. ब. पारसनीसांच्या हाती आला आणि छापला गेला, म्हणून आज आगाशी-अर्नाळ्याच्या शाळेतला मुलगाही तो प्रसंग जाणतो. पत्र नेणारा जासूद कोण होता हे आपण विसरलो. पत्र ज्याला पोचले त्याच्याकडे ते राहिले, एवढ्यावर सारे निभावले.

टपाल खात्यानेही हा क्रम कधी मोडला नाही. खाते पत्र उचलत असे, वाहत असे, बटवडा करीत असे आणि बाजूला होत असे. पोस्टमनने दारात टाकलेले पत्र घरमालकाचे होई. वाहणारा आणि सांभाळणारा या दोन भूमिका वेगळ्या होत्या. ई-मेलमध्ये त्या एक झाल्या. कशा झाल्या, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल, कारण ई-मेलचा आरंभ असा नव्हता.

'हेलो' म्हणणारी यंत्रे

दोन वेगळ्या संगणकांतील पहिला निरोप अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये पाठवला. नाव आणि यंत्र यांच्यामध्ये आज सर्वांना ठाऊक असलेले ते वाटोळे चिन्ह त्यांनीच घातले. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ई-मेल पोचवण्याचे नियम लिहून प्रसिद्ध केले. एसएमटीपी या नावाची ती रीत थोड्याफार बदलांनी आजही चालू आहे.

ती इतकी साधी आहे की टपालाच्या भाषेत सांगता येते. संगणकाला अनेक क्रमांकांच्या खिडक्या असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. पत्रांसाठी २५ क्रमांकाची खिडकी ठरलेली आहे. एक यंत्र दुसऱ्याच्या या खिडकीशी जाते. आतले यंत्र २२० हा आकडा सांगते, म्हणजे 'मी हजर आहे'. बाहेरचे 'हेलो' म्हणते. त्या इंग्रजी शब्दातले एक अक्षर गाळलेले असते, कारण सगळ्या आज्ञा चार अक्षरांच्या असाव्यात असा संकेत होता. मग पत्र कोणाचे, कोणासाठी, एवढे सांगायचे. प्रत्येक वेळी २५० हा आकडा आला की 'ठीक'. शेवटी मजकूर, त्याखाली ओळीवर एकटे पूर्णविरामाचे टिंब, आणि काम संपले.

या साऱ्यात जनरल पोस्ट ऑफिस कोठेच नाही. ज्याच्याकडे यंत्र आणि जोडणी, तो स्वतःच टपाल कार्यालय. माझे यंत्र माझे पत्र घेऊन थेट तुमच्या यंत्राच्या खिडकीशी येते. १८९८ च्या कायद्यातला मुद्दाम धाडलेला माणूस तो हाच. तिथे तो अपवाद होता. इथे तोच नियम झाला.

जुहू, पवई आणि फोर्ट

भारतात ही रीत रुजली ती मुंबईच्या उपनगरांत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून वेगळी झालेली 'नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी' ही संस्था जुहूला होती, डॉ. श्रीनिवासन रमणी तिचे प्रमुख. इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये 'अर्नेट' हा प्रकल्प सुरू झाला. त्यात जुहूची ही संस्था, पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, अशी आठ ठिकाणे होती. जुहू आणि पवई यांच्यात साध्या टेलिफोनवरून ई-मेलची ये-जा सुरू झाली ती १९८६-८७ मध्ये. दोन ठिकाणांत मुंबईचे काही मैल, पण फोन लागणे हीच तेव्हा मोठी गोष्ट होती.

फोन लागला की साठलेली पत्रे पुढे सरकत, नाही लागला तर थांबून राहत. त्या काळच्या पत्त्यात पत्र कोणकोणत्या यंत्रांवरून जाणार, त्यांची नावे उद्गारचिन्हांनी जोडून लिहावी लागत. जुहूच्या यंत्रांची नावे 'शक्ती', 'साथी' अशी होती. १९८९ मध्ये 'डॉट इन' हे भारताचे नाव नोंदले गेले आणि त्याचा कारभार जुहूकडे आला.

संस्थांच्या बाहेरचा माणूस मात्र कुंपणाबाहेरच होता. त्याने वेगळी वाट काढली. घरचा संगणक, मोडेम आणि घरचाच फोन एवढ्यावर 'बुलेटिन बोर्ड' म्हणजे निरोपांचे फलक मुंबईत चालू लागले. 'लाइव्ह वायर' हे त्यांतले गाजलेले नाव. अमेरिकेत टॉम जेनिंग्स यांनी १९८४ मध्ये काढलेल्या 'फिडोनेट' या साखळीत असे फलक रात्री एकमेकांना फोन करून पत्रांची देवघेव करीत. माझ्या मते सामान्य माणसाने घरात चालवलेली आपल्याकडची पहिली मेल यंत्रे ती हीच.

यावर कायदा कोणता? १८८५ चा तार कायदा. त्याच्याही चौथ्या कलमाने तारायंत्रे उभारण्याचा हक्क सरकारकडे राखला होता, आणि तारेची व्याख्या इतकी रुंद होती की मोडेमवरून गेलेला निरोप तिच्यात सहज मावत होता. जुलै १९९२ मध्ये ई-मेल ही 'मूल्यवर्धित सेवा' ठरवून खासगी क्षेत्रासाठी खुली झाली, पण परवान्यावर. पुढे दूरसंचार खात्याने हौशी फलकांकडूनही लाखांच्या घरातले वार्षिक परवाना शुल्क मागितले, तेव्हा त्याविरुद्ध चळवळ झाली. टपालाच्या कायद्यातला बिनमोबदल्याचा स्नेही तारेच्या कायद्यात नव्हता, एवढाच याचा अर्थ.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने जनतेसाठी इंटरनेट खुले केले. विद्यार्थ्याला ५०० रुपयांत वर्षाचे २५० तास मिळत, पण पडद्यावर फक्त अक्षरे. चित्रांसह पूर्ण जोडणी व्यक्तीला १५,००० रुपयांना पडे. मुंबईकरांच्या पत्त्यात 'जीआयएएसबीएम०१' अशी अक्षरांची माळ असे; त्यातले 'बीएम' म्हणजे बॉम्बे. हे पत्ते लोकांनी कौतुकाने व्हिजिटिंग कार्डांवर छापून घेतले.

इथे एका मराठी माणसाची आठवण काढणे योग्य होईल. १५ ऑगस्ट याच तारखेला, १९७२ मध्ये, देशात पिनकोड सुरू झाला. त्याची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्या सहा आकड्यांचा गुण असा की ते जागेला चिकटलेले असतात. विरारचा ४०१३०३ हा आकडा कोणा टपाल कंत्राटदाराचा नाही. उलट 'जीआयएएसबीएम०१' हा पत्ता निगमच्या यंत्राचा होता, माणसाचा नव्हता. निगम २००२ मध्ये टाटा समूहाकडे गेले, पुढे त्याचे नाव बदलले, आणि कार्डांवरचे ते पत्ते आज निर्जीव आहेत.

खिडकी का बंद झाली

नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने खासगी इंटरनेट कंपन्या आल्या. पुढे ब्रॉडबँड आले, जोडणी चोवीस तासांची झाली. घरोघरी मेल यंत्र चालवण्याची सोय आता कोठे होत होती, आणि त्याच सुमारास २५ क्रमांकाची खिडकी बंद होऊ लागली. यात कोणाचा कट नव्हता. कारण होते नको असलेली पत्रे.

अशा पत्राचा पहिला नमुना ३ मे १९७८ चा. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी सुमारे ४०० जणांना आपल्या संगणकांची जाहिरात एकदम धाडली. टपालात जाहिरात पाठवायची तर तिकीट लावावे लागते. इथे दहा पत्रे आणि दहा लाख पत्रे यांचा खर्च जवळपास सारखाच. पुढे विषाणूंनी घरगुती संगणक ताब्यात घेऊन त्यांच्याकडून ही पत्रे धाडायला सुरुवात केली. ऑगस्ट २००३ मधल्या 'सोबिग' विषाणूने जगभरच्या टपालपेट्या भरून टाकल्या. संगणकाच्या मालकाला पत्ताही नसे, आणि त्याचे यंत्र रात्रभर हजारो दारे ठोठावीत असे.

कंपन्यांनी उपाय काढला तो असा: घरगुती ग्राहकाच्या यंत्राने बाहेर कोणाच्याही २५ क्रमांकाच्या खिडकीशी जायचे नाही. पत्र पाठवायचे तर ५८७ क्रमांकाच्या खिडकीवर, नाव आणि परवलीचा शब्द सांगून, एखाद्या मोठ्या टपालघराच्या हवाली करायचे. ही दुसरी खिडकी डिसेंबर १९९८ मध्ये नियमात आली होती. २०१२ च्या सुरुवातीला सोफोस या सुरक्षा कंपनीच्या यादीत नको असलेली पत्रे पाठवणाऱ्या देशांत भारत पहिल्या क्रमांकावर होता, हे ध्यानात घेतले तर या बंदीला नावे ठेवणे कठीण आहे. चोरासाठी लावलेले कुलूप घरच्यालाही लागते, तसे हे झाले.

कुलपे मात्र वाढत गेली. फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांचा जागतिक साठा वाटून संपला. मग कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एक पत्ता देऊ लागल्या. साऱ्या चाळीला एकच टपालपेटी, आणि खोली क्रमांक फक्त मालकाला माहीत, अशी ही व्यवस्था. अशा घरातून बाहेर जाता येते. बाहेरून कोणाला थेट तुमच्या दारापर्यंत येता येत नाही.

शिवाय 'स्पॅमहाउस'सारख्या संस्था घरगुती पत्त्यांची वेगळी यादी ठेवतात, आणि त्या वस्तीतून आलेले पत्र पुष्कळ मोठी टपालघरे उघडतच नाहीत. त्यावर पाठवणाऱ्याने आपल्या नावाची सही आणि शिक्का दाखवावा, अशा तीन रीती आल्या: २००६ मध्ये एसपीएफ, २००७ मध्ये डीकेआयएम, २०१५ मध्ये डीमार्क. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या. प्रत्येक कुलपामागे योग्य कारण आहे. सगळी मिळून परिणाम असा की, घरातून घरात थेट पत्र जाण्याची वाट बुजली.

बोळिंजमधील एक यंत्र

हे सारे मला पुस्तकातून कळलेले नाही, म्हणून थोडे स्वतःविषयी. विरार स्थानकाच्या पश्चिमेला, आगाशीच्या वाटेवर बोळिंज आहे. एकेकाळच्या वाड्यांच्या गावात आज म्हाडाचे उंच मनोरे आहेत. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहास आणि संगणक दोन्ही स्वतःच्या हिमतीवर शिकलो. वसई-विरार परिसरातील घराण्यांचे जुने कागद लावणे हा माझा गेल्या काही वर्षांचा उद्योग आहे. लोक मला मेलवर कागदांची छायाचित्रे धाडतात. त्यांत गहाणखते असतात, वाटणीपत्रे असतात, आजोबांनी अंगठा उठवलेले कागद असतात. ज्या भागात गुंठ्यागुंठ्यावरून भाऊबंदकी कोर्टात जाते, तिथे असा कागद दाखवणे हा मोठा विश्वास आहे. 'दादा, हे तुमच्यापाशीच ठेवा,' असे एका आजींनी सांगितले, तेव्हा 'तुमच्यापाशी' या शब्दाचा अर्थ मला शब्दशः पाळावासा वाटला. कागद माझ्यापाशी असायचा तर माझी टपालपेटी माझ्या घरात हवी.

स्वतःच्या नावाचा पत्ता नोंदवणे सोपे होते. कंपनी बदलली तरी तो पत्ता बदलत नाही. वेलणकरांच्या पिनकोडचा तो गुण इथे विकत मिळतो. यंत्र म्हणजे पंखा नसलेला, डब्याएवढा संगणक. पत्रे घेण्या-देण्यासाठी 'पोस्टफिक्स' आणि पेटी उघडण्यासाठी 'डव्हकॉट' ही सॉफ्टवेअर. दोन्ही फुकट आणि खुली. अडचण आली ती जोडणीची. माझ्या इंटरनेट कंपनीने सांगितले की घरगुती योजनेत सर्व्हर चालवता येत नाही, २५ क्रमांक उघडणार नाही, आणि कायमचा पत्ता हवा असेल तर धंद्याची जोडणी घ्या, जिचे भाडे कितीतरी पट.

मग मी मधली वाट काढली. एका डेटा सेंटरमध्ये लहानसे यंत्र महिन्याच्या भाड्याने घेतले. त्याला कायमचा पत्ता आहे आणि त्याची २५ क्रमांकाची खिडकी उघडी आहे. बाहेरची पत्रे तिथे येतात. बोळिंजचे यंत्र आतून त्या यंत्राशी एक बंदिस्त बोगदा जोडून ठेवते. हाक घरातून जात असल्याने चाळीच्या सामायिक पत्त्याची अडचण येत नाही. आलेले पत्र बोगद्यातून घरी येते आणि भाड्याच्या यंत्रावरची प्रत पुसली जाते. जाणारे पत्र त्याच वाटेने उलट जाते. म्हणजे भाड्याचे यंत्र हा हरकारा. तो वाहतो, ठेवत नाही.

या भागात वीज जाते, पावसाळ्यात तर वारंवार. लोक विचारतात, तेव्हा पत्रांचे काय होते? पोस्टेलच्या रीतीत याचे उत्तर आहे. समोरची खिडकी बंद दिसली तर पत्र टाकून द्यायचे नाही. काही वेळाने पुन्हा जायचे, आणि चार-पाच दिवस प्रयत्न करून मगच परत फिरायचे. जुहू-पवईच्या न लागणाऱ्या फोनच्या काळातला तो समजूतदारपणा अजून नियमांत शिल्लक आहे. इन्व्हर्टर उतरला, बोळिंज अंधारात गेले, तरी पत्रे वाटेत थांबतात आणि वीज आली की घरी येतात.

गूगलने १ एप्रिल २००४ रोजी एक जीबी जागेसह फुकट टपालपेटी दिली, त्यापुढे हा खटाटोप कोणाला वेडेपणा वाटेल. सगळ्यांनी तो करावा असे मी म्हणत नाही. पण तो करू इच्छिणाऱ्याला आडवाटेने जावे लागते, ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

वाहणारा आणि सांभाळणारा

फुकट पेटीने वाहणारा आणि सांभाळणारा एक केला, याचा परिणाम दोन उदाहरणांत पाहू. याहू ग्रुप्समध्ये देशोदेशीच्या मंडळींची वर्षानुवर्षांची सामुदायिक पत्रे साठली होती. कंपनीने २०१९ च्या अखेरीपासून तो साठा पुसला आणि डिसेंबर २०२० मध्ये सेवाच बंद केली. ज्यांनी आपापल्या घरी प्रती ठेवल्या होत्या, त्यांच्यापुरते ते राहिले. दुसरे उदाहरण जुलै २०२५ चे. युरोपीय महासंघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेलकंपनीच्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांना स्वतःची जुनी पत्रेही उघडेनात. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, सेवा काही दिवसांत पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीला कोर्टाची पायरी चढता आली. कागद जपणाऱ्या आजींच्या नातवाला ती चढता येणार नाही.

यात विसंगती अशी की कायदा या काळात उलट दिशेने गेला. १८९८ चा कायदा जाऊन 'पोस्ट ऑफिस ॲक्ट, २०२३' हा १८ जून २०२४ पासून लागू झाला. पत्रे वाहण्याचा सरकारचा एकाधिकार त्यात नाही. सव्वाशे वर्षांनी कागदाचे पत्र कोणीही कोणाकडेही नेऊ शकतो, पण कागदाची पत्रेच राहिली नाहीत. जी पत्रे आज लिहिली जातात, त्यांच्या वाटेवरची खिडकी कोणत्याही कायद्याने बंद केलेली नाही, म्हणून कायद्याने उघडण्याचा प्रश्नही कोणी विचारीत नाही.

उपाय अगदी अशक्य कोटीतला नाही. फ्रान्समधील 'फ्री' ही कंपनी २५ क्रमांकाची खिडकी आरंभी बंद ठेवते आणि ग्राहकाला स्वतःच्या खात्यात जाऊन ती उघडण्याची मुभा देते. ज्याला गरज नाही, तो सुरक्षित राहतो; ज्याला हवी, तो आपल्या जबाबदारीवर उघडतो. आपल्याकडे जोडणी घेतानाच ओळखपत्र द्यावे लागते, तेव्हा उघडणारा कोण हे कंपनीला ठाऊकच असते. १८९८ च्या कायद्यातला अपवाद नव्या कलमाशिवाय परत आणण्याची ही वाट आहे.

तोवर प्रत्येकाला करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. कोणत्याही मोठ्या टपालघरातून आपल्या पत्रांची पूर्ण प्रत उतरवून घेता येते. ती बहुधा 'एमबॉक्स' या रूपात मिळते. ही साध्या मजकुराची फाइल असते. एकाखाली एक पत्रे, तारखेनिशी. तिला विशेष सॉफ्टवेअर लागत नाही, आणि आणखी पन्नास वर्षांनीही ती उघडेल असे मानायला जागा आहे. वर्षातून एकदा, घराची साफसफाई होते त्या दिवसांत, ही प्रत उतरवावी आणि घरातल्या दोघांना ती कोठे आहे ते सांगून ठेवावे. आपल्या इतिहास मंडळांनीही रुमालांबरोबर अशा फाइली स्वीकारायला आता सुरुवात केली पाहिजे. राजवाडे ज्या घरांत गेले, तिथल्या पुष्कळांना मोडी वाचता येत नव्हती. तरी कागद माळ्यावर होते, आणि विचारणारा आला तेव्हा ते काढून दाखवता आले.